रात्री अकरानंतरचं पटांगण

रात्रीचा सव्वा वाजलाय. पाय भरून आलेत, कानांत अजून घूं घूं चालू आहे. तरी झोपायच्या आधी हे लिहून ठेवते. सकाळ झाली की जो तो "उत्सव छान पार पडला" म्हणणार आणि मीही मान हलवून मोकळी होणार.

दरवर्षी मी साडेनऊला निघते. मुलांचे कार्यक्रम झाले, बक्षिसं वाटून झाली, की बायका, म्हातारी माणसं, लेकुरवाळी घरं उठतात. यंदा हिशेबाची वही माझ्याकडे होती म्हणून थांबावं लागलं. तासाभरात तेच पटांगण ओळखू येईना. संध्याकाळी ज्यांनी मान खाली घालून खुर्च्या लावल्या होत्या, त्यांतलीच दोन पोरं मुलींच्या घोळक्याकडे बघून शिट्ट्या मारत होती.

भांडण माझ्यापासून चार हातांवर सुरू झालं. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला, एवढंच. पाय देणाऱ्याने लगेच हात वर केला आणि "सॉरी भाऊ" म्हणाला. त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले. पण स्पीकर असा दणाणत होता की समोरच्याला शब्द काही पोचला नाही, दिसला तो फक्त वर आलेला हात. त्याने ढकललं, ह्याने कॉलर धरली, बघता बघता सात-आठ जण भिडले. एक खुर्ची उलटली आणि तिच्यावर बसलेल्या आजी हातावर पडल्या. माफी मागितली गेली होती, ती ऐकूच गेली नाही, हे मला अजून सहन होत नाही.

आवाज कमी करा म्हटलं की "तुम्हाला पोरांचा आनंद बघवत नाही" असं ऐकवतात. आनंदाला माझी काहीच हरकत नाही. पण ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो असं धरलं, तर दर ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. आम्ही तिथे तीन-तीन तास उभे असतो, तेही पोरांना कडेवर घेऊन.

दारूचंही तसंच. दहाला बंद म्हणजे दहाला शांतता, असा सगळ्यांचा हिशेब. पण शेवटचा घोट घेतल्यावरही अर्धा-एक तास ती अंगात चढतच असते, आणि पाणी पाजून किंवा कॉफी देऊन लवकर उतरत नाही. म्हणजे खरी वेळ अकराची. आणि नेमके तेव्हाच आम्ही दिवे बंद करतो! आज गाणी थांबली आणि दुसऱ्या मिनिटाला दिव्यांच्या माळा, कोपऱ्यातला मोठा दिवा, सगळं गेलं. माणसं अजून मैदानातच होती. गाड्या लावल्या होत्या तिकडे जाणाऱ्या मुली मोबाइलच्या उजेडात एकमेकींचे हात धरून चालत होत्या.

मारामारी सुरू झाली तेव्हा मी काय केलं? आधी आजूबाजूला बघितलं. खरं तेच लिहायचं. कोणीतरी जाईल म्हणून सगळेच थांबले होते. १९६८ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी खोलीत धूर सोडून एक प्रयोग केला होता. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून सांगितलं, तिघं तिघं बसवले तेव्हा मात्र ३८ टक्के गटांतच कोणीतरी उठलं. पण अलीकडे ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांमधली २१९ भांडणं सीसीटीव्हीवर तपासली गेली, तेव्हा दहापैकी नऊ वेळा बघ्यांतलं कोणीतरी मध्ये पडलेलं दिसलं. आणि बघे जितके जास्त, तितकी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. आजही तसंच झालं. खुर्च्या रचणारे एक काका दोघांच्या मध्ये जाऊन नुसते उभे राहिले. हात उगारला नाही, शिवी दिली नाही, "बाळा, घरी चल" एवढंच दोनदा म्हणाले. मग आम्ही तिघी गेलो. आजींना उठवलं. पोरं हळूहळू पांगली.

धिंगाणा घालणारे मोजले तर दहा-बारा असतील. बाकीचे शेकडो आम्ही साडेनऊला उठून जातो आणि मागे राहिलेलं मैदान त्यांना आंदण देतो. पोलीस वाढवा, उत्सव आठलाच संपवा, ही भाषा मला पटत नाही. आठला संपवला तर रात्र पूर्णच त्यांची.

उद्याच्या बैठकीत तीन गोष्टी बोलणार आहे. बक्षीस समारंभ शेवटी ठेवा, म्हणजे घरंच्या घरं थांबतील. गाणी एकदम बंद न करता शेवटचा अर्धा तास आवाज उतरवत आणा. आणि शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत एकही दिवा विझवायचा नाही. "बायकांनी इतक्या रात्री कशाला थांबायचं?" असं कोणीतरी विचारणारच. त्यांना आजींचा सुजलेला हात दाखवीन.

पुढच्या वर्षी मी साडेनऊला निघणार नाही. परतताना बरोबरच्या दोघींनाही विचारलं. एक लगेच हो म्हणाली, दुसरी घरी विचारून सांगणार आहे.