तुम्ही विचारलंत म्हणून: पोराचा व्हिडिओ व्हायरल कसा होईल?

नालासोपाऱ्यात मी हिपहॉपचे क्लास घेतो. आधी पालक विचारायचे, "सर, गॅदरिंगला बसवाल ना?" २०१९ मध्ये आमच्या वसई-नालासोपाऱ्याच्या 'द किंग्ज' या डान्स ग्रुपने अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकली आणि "टीव्हीवर कधी?" सुरू झालं. आता थेट हेच: व्हायरल होण्यासाठी काय करायचं? फी किती, ते नंतर.

अशा वेळी मी लिल बक या अमेरिकन डान्सरची गोष्ट काढतो. खरं नाव चार्ल्स रायली. जन्म शिकागोचा, वाढला टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये. तिथल्या कृष्णवर्णीय पोरांचा 'जूकिन' नावाचा नाच आहे, १९८० च्या दशकातल्या 'गँगस्टा वॉक'मधून निघालेला. पायात साधे स्नीकर, पण पावलं अशी सरकतात की खाली तेल सांडलंय की काय. मधेच माणूस बुटाच्या टोकावर उभा! बॅले करणाऱ्या बायकांच्या बुटात टोकाला कडक ठोकळा असतो. ह्यांच्या बुटात नुसता घोटा आणि हिंमत. 'क्रिस्टल पॅलेस' नावाच्या स्केटिंग रिंकवर ही पोरं जमायची आणि एकमेकांना खुन्नस द्यायची.

एप्रिल २०११. लॉस एंजेलिसमध्ये शाळांत कलाशिक्षण परत यावं म्हणून एक कार्यक्रम होता. नामांकित वादक यो-यो मा सेलोवर, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, साँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची 'हंस' ही रचना वाजवतायत, आणि शेजारी लिल बक नाचतोय. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ तिथे होता. त्याने हातातल्या कॅमेऱ्यावर ते टिपलं आणि नेटवर टाकलं. लाखो लोकांनी पाहिलं. पुढच्याच फेब्रुवारीत हा मुलगा सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, मध्यंतरात पॉप गायिका मॅडोनाबरोबर.

इथवर पालक खूश असतात. म्हणजे शेजारी मोठा माणूस हवा! अहो, थांबा जरा.

यो-यो मांपर्यंत तो पोचला कसा? मेम्फिसमध्ये न्यू बॅले एन्सेम्बल नावाची संस्था आहे. तिथे तो शिष्यवृत्तीवर बॅले शिकत होता. रस्त्यावरचा पोरगा, पायात मोजे, बॅलेच्या सरावाच्या दांड्याला हात लावून उभा, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. तिथल्या केटी स्माइथ बाईंनी एका कार्यक्रमासाठी 'हंस'चं संगीत त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, यावर जूकिन कर. त्या नाचाचा व्हिडिओ यूट्यूबवर होता. न्यू यॉर्क सिटी बॅलेचा माजी प्रमुख नर्तक डेमियन वेट्झेल आणि त्याची बायको हेदर वॉट्स, तीही तिथलीच नर्तकी, यांच्या नजरेस तो पडला. पुढची गाठ वेट्झेलने घालून दिली. म्हणजे लोक ज्याला 'तो व्हिडिओ' म्हणतात, तो दुसरा. पहिल्याने फक्त या दोघांना गाठलं, आणि दोघांनाही पाय वाचता येत होते.

मी तो दुसरा व्हिडिओ सायबर कॅफेत पाहिला. अडकत अडकत. हंस मान वळवणार की चक्र फिरायला लागायचं, तासाला वीस रुपये जात होते. घरी येऊन स्टाइलच्या लादीवर कॅरमची पावडर टाकली, मोजे घातले आणि सरकायला लागलो. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी बाबा पाण्याची बादली घेऊन आत आले आणि त्यांनी माझ्यापेक्षा लांब ग्लाइड मारला. कंबर आठवडाभर शेकत होतो. माझा घोटा मात्र आजतागायत त्या टोकावर चढलेला नाही. पावडरने सरकता येतं, थांबता येत नाही, आणि त्याच्या नाचात खरी कमाल थांबण्यात आहे. सरकता सरकता एका जागी तो असा विरतो की पुढचा सूर त्याच्यासाठी थांबलाय असं वाटतं.

एक मात्र सांगतो. "सेलोमुळे रस्त्यावरच्या नाचाला प्रतिष्ठा मिळाली" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मेम्फिसमध्ये ज्यांनी हा नाच घडवला, त्यातल्या बहुतेकांची नावं तुम्हीआम्ही कधी ऐकणारही नाही. रिंकवर त्यांच्यासमोर टिकला म्हणून तर हा पोरगा यो-यो मांच्या शेजारी टिकला.

पोरं मला रील दाखवतात. नव्वद टक्के रील कमरेपासून वर. चेहरा, केस, फिल्टर, मागे आईची साडी पडदा म्हणून लावलेली. पायांचा पत्ता नाही. मी म्हणतो, "अरे, तू नाचतोयस की बातम्या वाचतोयस?"

परवा एका आईला हे सगळं सांगितलं. मेम्फिस, स्माइथ बाई, बादलीसकट. पाऊण तास. त्यांनी मन लावून ऐकलं, मुलाच्या बुटाची नाडी बांधली, उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "ते सगळं बरोबर आहे सर. पण व्हिडिओ उभा काढायचा की आडवा?"

"उभा काढा ताई," म्हटलं. "फक्त जरा लांबून."