तिसरी जोडीही गेली

रविवार, रात्री साडेदहा. बाहेर पाऊस धरून बसलाय.

आज धीर करून चिंगीचं, म्हणजे माझ्या पाळलेल्या लेपर्ड गेको पालीचं, अंडं फोडलं. नखकात्रीनं कवच चिरलं. लेपर्ड गेकोचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं लवचिक असतं. आत पिल्लू होतं. पुरतं घडलेलं. शेपटी पोटाशी गुंडाळलेली, अंगावरचे काळे-पांढरे पट्टे स्पष्ट, पायाची बोटं मोजता येतील इतकी सुटी. पोटाला हरभऱ्याएवढा पिवळा बलक तसाच चिकटलेला. ते बघून पोटात कालवलं.

अंड्यांच्या पहिल्या दोन जोड्यांचं इतकं लागलं नव्हतं. तरुण मादीची पहिली अंडी बऱ्याचदा फळतच नाहीत. ती पिवळी, मऊ पडली, बुरशी चढली, विषय संपला. यावेळी मात्र दहाव्या दिवशी टॉर्चवर धरलं तेव्हा लाल दोऱ्यांसारख्या शिरा दिसल्या होत्या. पस्तिसाव्या दिवशी अंडं आतून गडद झालं होतं. मग चव्वेचाळिसाव्या दिवशी शिरा गायब, आणि वर खड्डा.

मी दोष विजेला देत होते. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली त्या रात्री आमच्याकडं सहा तास लाईट नव्हती. अंडी गारठली असं मी धरूनच चालले होते. पण काही तास गार झाली तर वाढ मंदावते, अंडी बहुतेक तग धरतात. शिवाय वाढीच्या शेवटी मेलेलं पिल्लू वेगळंच सांगत होतं. म्हणून आज दुसरा थर्मामीटर घेतला आणि डब्यातल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (अंडी ज्यात ठेवतात ते ओलावा धरणारं खनिज), अंडं होतं त्याच खळग्यात खोचला.

35.2 अंश.

उष्णता सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटवर त्याच वेळी 28 दिसत होतं. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मी थर्माकोलच्या पेटीत झाकणाजवळ लोंबता ठेवला होता, आणि डबा थेट हीट मॅटवर. वरची हवा 28, खाली तवा. दीड महिना मी रोज तो आकडा बघून निश्चिंत झोपत होते. पिल्लू बाहेर यायला 28 अंशांना साधारण दोन महिने लागतात, 32 च्या आसपास सव्वा-दीड महिना, आणि 35 म्हणजे सहन होण्याची शेवटची हद्द. ओलावा कमी-जास्त झाला असेल म्हणून मी किती जीव काढला! तो बरोबरच होता, वजनाला वजन पाणी, मुठीत दाबलं तर थेंब गळत नव्हता.

आई दारात येऊन म्हणाली, "अगं, बास की आता, किती वेळ बघालीस? जेवायला ये." मग तिनंच परड्यातल्या जास्वंदीखाली खुरप्यानं जागा करून दिली. पालीच्या नावानं शहारणारी माझी आई.

चिंगीनं गुरुवारी परत दोन घातलीत. वरच्या बाजूला पेन्सिलनं ठिपका केलाय, कारण अंडं फिरलं तर आतला जीव गुदमरतो. डब्याखाली दोन लाकडी पट्ट्या सारल्यात, डबा मॅटपासून चार बोटं वर. प्रोब आता अंड्याशेजारी रुतवलाय. चिंगीच्या खाण्यातल्या किड्यांवर कॅल्शियम आणि डी-3 ची पूड चालूच आहे, सलग अंडी घालून तिची शेपटी बारीक झालीय. पुढच्या मोसमात तिला नराजवळ सोडणार नाही.

साडेनऊला 28.3. आत्ता 28.1.