दप्तराविना दिवस, सनगराच्या मागावर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा गावच्या जाणकारांजवळ काम शिकावं. आमची शाळा पाटोदा तालुक्यातली. गावात घोंगडीचा एकच माग चालू उरलाय, म्हणून मी हे मनावर घेतलं.

मागावरचे मामा घोंगड्या विणणाऱ्या सनगर समाजातले. ते सरळच बोलले, "गुर्जी, लेकरं यायला माझी ना नाही. पर ती आली की माझा हात थांबतो. त्या दिवसाचा रोज कोण देणार?"

रास्तच होतं. कारागिरानं परंपरेपायी फुकट शिकवावं, असं आपण पगारी माणसं फार सहज बोलून जातो. वर विचारलं, तर तरतूद नाही. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेतला आणि लोकवर्गणीतून मामांना शेतमजुराइतका रोज सुरू केला.

पालकांचं त्याहून अवघड. "मेंढराच्या केसात लेकरू कशाला बसवता?" यात वासाची तक्रार किती आणि जातीची किती, ते कळत होतं. वाद घातला नाही. एका विद्यार्थिनीच्या आजीला चरख्यावर लोकरीचं सूत काढता येतं असं समजलं, तिलाच पालकसभेत बसवलं. तिनं पिंजलेल्या लोकरीचा पेळू हातात घेतला आणि मागच्या बायका पुढं सरकल्या.

अख्खा वर्ग एकदम न्यायचा नाही, हे आधीच ठरवलेलं. फोटो काढून परत यायचं तर सहल पुरते. चार-पाच जण, पूर्ण सकाळ, एकच काम.

पोरं सगळ्यात जास्त रमली ती खळीत. दख्खनी मेंढीची लोकर राठ, सुताला केस सुटलेले. ताणा, म्हणजे उभे धागे, तसाच मागावर चढवला तर धागे एकमेकांत अडकून तुटतात. म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ ताणलेल्या सुतावर कुंच्यानं फासायची. पोरांनी भिंत रंगवल्यागत कुंचा मागं-पुढं फिरवला, तसे बसायचे ते केस उठले. मामा रागावले नाहीत. एकाचं मनगट धरून कुंचा एकाच अंगानं शेवटपर्यंत ओढत नेला आणि म्हणाले, "आता बोट फिरव." बोट सरसर गेलं. मग प्रत्येकाला फिरवून बघायचं होतं.

मागाखालच्या खड्ड्यात पायानं दाबायच्या पावड्या असतात, त्यांना सहावीवाल्यांचे पाय पुरेनात, मागावर आठवीचीच बसली. काठ वाकडा आला की मामा उसवायला लावत. दोघं कंटाळून आलीच नाहीत, त्यांना मी बोलावलंही नाही.

पुढच्या वर्षीचे दिवस मात्र मामांच्या अटीनं ठरलेत. लोकर वर्षातून दोनदा कातरतात, त्यातल्या एका कातरणीला मेंढरांच्या वाड्यावर यायचं. ज्यानं कातरणी पाहिली नाही, त्याला मागावर जागा नाही. मुख्याध्यापकांनी घटक चाचणी आठवडाभर पुढं ढकललीय.