तुम्ही विचारलंत म्हणून: रामोजीच्या गेटाबाहेर पडावं का?

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आठ-दहा दिवस आधी आणि नंतर एप्रिलअखेर, असे वर्षातून दोनदा मला फोन येतात. कधी शाळेतल्या एखाद्या मॅडमचा, कधी त्यांच्या नणंदेचा, एकदा तर आमच्या गॅसवाल्याच्या घरून. प्रश्न तोच. "तुम्ही रामोजीला आत मुक्काम केला होता ना? मग हैदराबाद बघायला बाहेर पडावं, का दोन्ही दिवस आतच काढावेत?" रामोजी म्हणजे हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी, सिनेमाचे सेट, पाळणे आणि राहायला हॉटेलं असलेली. नांदेडहून आम्ही तीनदा जाऊन आलोत, तेवढ्यावर मी गल्लीतली जाणकार झालेय.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पडा, पण सगळे पडू नका.

यावर पलीकडून जरा वेळ आवाजच येत नाही. मग हळूच, "म्हणजे? घरच्यांना तिथं सोडून जायचं?" हो, सोडून जायचं. त्यांना काही होत नाही. आपल्याकडं सहल म्हटली की सगळ्यांनी एका गाडीत बसायचं, एकाच जागी उतरायचं, एकदमच भूक लागायची आणि एकदमच लघवीला जायचं. एखादा मागं राहिला तर तो रुसलाय असंच धरतात. या एका गोष्टीपायी आमची एक अख्खी सहल नासली, म्हणून एवढं ठामपणे सांगते.

ती २०१६ ची. मे महिना. आपल्या उन्हातून उठून त्यांच्या उन्हात जायचं शहाणपण आम्ही अकरा जणांनी केलं. दोन दीर, जावा, नणंद, पाच लेकरं. दोन रात्रींचं पॅकेज. आत सितारा, तारा अशी हॉटेलं आहेत, आम्ही अर्थातच त्यातल्या स्वस्तातल्या जागी. पहिला दिवस झकास गेला. बसमधून सेट बघितले, लेकरं पाळण्यांवरून उतरायला तयार नव्हती, संध्याकाळी खोलीवर घरून नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री मोठ्या दिरांनी कागद काढला. "एवढ्या लांब आलोत तर हैदराबाद बघून घेऊ." कागदावर चारमिनार, सालारजंग म्युझियम, बिर्ला मंदिर, गोवळकोंडा, हुसेनसागर. पाच.

नकाशा कुणी बघितलाच नाही. रामोजी शहराच्या पूर्वेला, विजयवाड्याच्या हायवेवर, मधल्या शहरापासून तीसेक किलोमीटर. गोवळकोंडा पार पश्चिमेला. म्हणजे सगळं हैदराबाद आडवं कापून जायचं आणि तसंच परत यायचं. दिलसुखनगरला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि धाकट्या पुतण्यानं जावेच्या नव्या ड्रेसवर सकाळचा इडली-वडा बाहेर काढला. चारमिनार आम्ही गाडीच्या काचेतून बघितला, कारण पार्किंग मिळेना. लाडबाजारात नणंदेला वीस मिनिटं दिली, तिनं लाखेच्या बांगड्या घेतल्या, त्या घरी आल्यावर लहान निघाल्या. सालारजंगला पोचलो तर कुलूप. शुक्रवार होता. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, हे अकरातल्या एकालाही माहीत नव्हतं. आमच्यात तीन शिक्षक होते. गोवळकोंड्याच्या दारात दीर म्हणाले, "चढायचं का?" आणि कुणीच काही बोललं नाही. रात्री परतलो तेव्हा जेवणाची वेळ उलटून गेलेली, ज्याचे पैसे आधीच भरले होते ते जेवण बुडालं, चूक आमचीच. लेकरं रडत झोपली, कारण त्यांचा एक पाळणा राहिला होता. माझ्या मुलाला आजही विचारा, हैदराबादला काय बघितलं? तो म्हणतो, दिलसुखनगर.

त्यानंतर मी पक्कं ठरवलं होतं की आत गेलं की आतच राहायचं. आमच्या यांचाही हिशेब तोच, पैसे वसूल. राहणं, नाश्ता, जेवण, आत फिरायची बस, सगळं पॅकेजात धरलेलं; बाहेर पडलं की प्रत्येक गोष्टीला खिशात हात. हिशेब चूक नाही. पाच वर्षांखालचं लेकरू सोबत असेल आणि मुक्काम एकाच रात्रीचा असेल, तर मी आजही म्हणते, गेटाकडं बघूसुद्धा नका.

माझं मत पालटलं ते २०१९ च्या दिवाळीत, आणि ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे सासरे. तेव्हा शहात्तर वर्षांचे. मुदखेडजवळच्या गावात सगळा जन्म गेला. "मी कशाला येऊ, पाळण्यात बसायला?" असं म्हणत म्हणत पिशवी मात्र त्यांनी सगळ्यात आधी भरली होती.

बसमध्ये गाईडनं सांगितलं की ही जगातली सगळ्यात मोठी फिल्म सिटी, गिनीज बुकात नाव आहे, १,६६६ एकर. अण्णांनी खिडकीतून बघून घेतलं. लॉन, कारंजी, पुतळे, पुन्हा लॉन. "सोळाशे एकर," ते म्हणाले, "अन् पेरा कायबी न्हाई?"

राजवाडे, परदेशातली गल्ली, विमानतळ, कशातच त्यांचं मन लागलं नाही. मग बस रेल्वे स्टेशनाच्या सेटवर आली. रूळ, डबे, फलाट, वर छप्पर. हवं तसं गावाचं नाव बदलून लावतात, म्हणजे एकच स्टेशन सिनेमात कधी दिल्लीचं तर कधी कुठल्या खेड्याचं होतं. सगळे फोटो काढत होते. अण्णा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात मागं बांधून चालत गेले आणि परत आले.

"नळ कुठंय?"

"पाणी पाहिजे का अण्णा? आहे बाटलीत."

"पाणी नको. नळ कुठंय म्हणलं. ठेसन म्हणतेत अन् नळ न्हाई." मग जरा थांबून, "काचीगुडा हितून किती लांब हाय?"

आता इथं थोडं मागं जावं लागेल, कारण आजकालच्या मुलांना मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात १७ सप्टेंबर १९४८ पाठ असतो, पण त्यानंतरही आठ वर्षं आपण हैदराबाद राज्यातच होतो हे ध्यानात नसतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. तोवर नांदेडच्या माणसाला हायकोर्टाचं काम पडलं तर जायचं ते हैदराबादला, मुशी नदीच्या काठी. आमच्या आजेसासऱ्यांचा जमिनीचा दावा तिथवर गेला होता. तारखेला जाताना ते दहा-बारा वर्षांच्या अण्णांना सोबत न्यायचे. मुदखेडला मीटरगेजच्या गाडीत बसायचं, उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत काचीगुड्याला उतरायचं. लॉजचे पैसे कोण देणार? कागदांचं बासन उशाला घेऊन बाप-लेक स्टेशनातच झोपायचे. सकाळी नळावर तोंड धुवायचं, गाठोड्यातली दशमी खायची, आणि वडील पायी कोर्टाकडं निघाले की हे तिथंच बाकावर बसून राहायचे. दिवसभर. राखणीला गाठोडं आणि तहान लागली की तो नळ.

हे मला लग्नानंतर अठरा वर्षांत कधी कळलं नव्हतं. घरातल्या ट्रंकेत उर्दूतले पिवळे कागद आहेत, ज्यातलं एक अक्षर आता कुणाला वाचता येत नाही, एवढंच माहीत होतं.

रात्री यांना सांगितलं तर, "काचीगुडा? आपण रेल्वेनं आलो असतो तर दिसलंच असतं की. आता उद्याचं तिकीट वाया घालवायचं का?" मी म्हटलं, दोघांचंच जाईल, तुम्ही लेकरांना घेऊन थांबा. जाऊबाई म्हणाल्या, जायचं तर सगळेच जाऊ. तेव्हा मला २०१६ चा तो ड्रेस आठवला. म्हटलं, नाही. मी आणि अण्णा. बस्स.

तुम्ही जाणार असाल तर रस्ता लिहून ठेवा, हाच एक खरा उपयोगाचा भाग आहे. शहरभर टॅक्सी फिरवू नका. टॅक्सी फक्त एल. बी. नगरपर्यंत करायची, तिथून मेट्रो सुरू होते. मियापूरकडं जाणारी तीच लाल लाइन. दिलसुखनगरचं ट्रॅफिक खाली राहतं आणि आपण वरून जातो. मला त्या दिवशी खाली बघून फार बरं वाटलं. एम. जी. बसस्थानक स्टेशनला उतरलात की सालारजंग रिक्षानं जवळ. पुढचं उस्मानिया मेडिकल कॉलेज, तिथं उतरलात तर कोठी आणि सुलतान बाजार. त्या भागात जुनी मराठी वस्ती आहे. हैदराबादेतले मराठी पुढारी केशवराव कोरटकर यांच्या पिढीनं १९०७ साली काढलेली विवेकवर्धिनी शाळा तिकडचीच. आपल्याकडच्या कितीतरी माणसांचं शिक्षण त्या गल्ल्यांतून झालं. आम्ही एम. जी. बसस्थानकाला उतरून रिक्षा केली.

वाटेत विचारलं, "अण्णा, हायकोर्ट बघायचं का? जवळच आहे."

"कोर्टाचं तोंड न्हाई बघायचं. ठेसन दाखव."

काचीगुड्याची इमारत १९१६ सालची, निजामाच्या रेल्वेचं मुख्य ठाणं होतं ते. पांढरे घुमट समोरूनच दिसतात. अण्णा रिक्षातून उतरले आणि रस्त्यातच उभे राहिले, मागून हॉर्न वाजत होते. घुमट त्यांना ओळखता आले. आतलं काहीच ओळखता आलं नाही. मीटरगेज केव्हाच उखडली, फलाट उंच झाले, बाकं लोखंडाची. मी दहा-दहा रुपयांची दोन फलाट तिकिटं काढली. आम्ही एक नंबरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, हात मागं बांधून. काल त्या खोट्या स्टेशनावर ते असेच चालले होते.

नळ होता. तो नव्हे, तो कसा असेल; फरशी लावलेल्या कट्ट्यावर ओळीनं चार तोट्या, त्यातल्या दोन गळत होत्या. अण्णांनी धोतराचा सोगा सावरला, वाकले, ओंजळ धरली आणि पाणी प्याले. माझ्या पिशवीत बंद बाटली होती. पिऊ नका, पोट बिघडेल, हे ओठावर आलेलं मी गिळलं. मग त्यांनी तोंड धुतलं, सावकाश, कानामागूनसुद्धा, आणि उपरण्यानं पुसलं.

बाकावर शेजारी एक कुटुंब बसलं होतं. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, स्टीलचा डबा. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "कुठचे हो तुम्ही?" मुखेडचे निघाले. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात दाखवून परत चालले होते. राज्य बदलून साठाच्या वर वर्षं झाली, पण दुखणं मोठं असलं की नांदेड जिल्ह्याची पावलं अजून हैदराबादकडंच वळतात. पाऊण तास अण्णा त्यांच्याशी सोयाबीनवर बोलले. त्या वर्षी दिवाळीत पाऊस उघडत नव्हता, काढलेल्या सोयाबीनला कोंब फुटत होते. गाडी लागली तेव्हा अण्णांनी त्यांचं गाठोडं दारापर्यंत उचलून दिलं, मला हात लावू दिला नाही.

परत निघायच्या आधी बाहेर एका इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किटं. चारमिनार बघायचा का, असं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. साडेचारला आम्ही रामोजीत होतो. लेकरं पाळण्याच्या रांगेत होती, आम्ही गेलो होतो याचाही त्यांना पत्ता नव्हता.

त्यामुळं मला कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न विचारते: तुमच्यात कुणाचं बाहेर काही काम आहे का? काम म्हणजे कसलंही. आमचे धाकटे दीर निव्वळ बिर्याणीसाठी बाहेर पडतात, एका जागी जाऊन खातात आणि परत येऊन झोपतात. माझ्या हिशेबी त्यांचं बरोबर आहे. सालारजंगमधलं ते घड्याळ, ज्यातून दर तासाला एक बाहुला बाहेर येऊन टोले देतो, तेवढ्यासाठी जायचं असेल तर तेवढ्यासाठीच जा, तास भरायच्या आधी पोचा आणि टोले मोजून परत या. "एवढ्या लांब आलोत तर" हे तुमचं कारण असेल तर मात्र राहू द्या, आतलं लॉन बरं.

हे खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्यांनाही लागू. तिथून महडचा वरदविनायक अगदी जवळ, पालीचा बल्लाळेश्वरही फार लांब नाही. अष्टविनायकातले दोन गणपती हाताशी असताना सासूबाईंना दिवसभर वॉटर पार्कच्या काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसवणारी घरं मी बघितली आहेत. एकानं त्यांना रिक्षात घालून न्यावं, बाकीच्यांनी खुशाल भिजावं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये यांनी जरा खोचकपणेच विचारलं, "मग अण्णा, दिवसभर काय काय बघितलं हैदराबादला?"

अण्णांनी भातावर वरण घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला.

"नळ," म्हणाले.