टोचणारी घोंगडी

घोंगडी टोचते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हल्ली घोंगडीचं कौतुक फार वाढलंय. पाठदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळं तिने बरं होतं असं ऐकतो, पण ती टोचते हे कोणी सांगत नाही. उघड्या अंगाला टोचते, बनियनमधून टोचते, मानेला तर विशेष प्रेमाने टोचते. नवख्या माणसाची पहिली रात्र झोपण्यात जात नाही, खाजवण्यात जाते.

कारण अगदी साधं आहे. लोकरीचा तंतू साधारण 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की त्याचं टोक कातडीला लागल्यावर वाकत नाही, ताठ उभं राहतं आणि खालच्या नसांना डिवचतं. मेरिनो मेंढीची लोकर 20 मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून तिचे स्वेटर गळ्याशी घालून लोक हसऱ्या चेहऱ्याने फिरू शकतात. आपली दख्खनी मेंढी बाभळी-बोरीच्या काट्यांतून, तापलेल्या माळावरून हिंडणारी. तिच्या अंगावर जे उगवतं ते केस आणि लोकर यांच्या मधलं काहीतरी असतं. ते तिने स्वतःसाठी वाढवलेलं असतं. आपल्या मानेचा विचार तिने का करावा?

माझ्याकडची घोंगडी आजोबांची, म्हणजे आमच्या आबांची. पण ती मला मिळाली तो प्रसंग काही डोळे पाणावण्यासारखा नव्हता. आबा गेल्यावर घड्याळ थोरल्या चुलत्यांकडे गेलं, काठी आणि पंचांग धाकट्यांकडे. घोंगडी माळ्यावर ज्वारीच्या पोत्यांवर पडून होती, ती कोणी मागितलीच नाही. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. होस्टेलच्या खोलीच्या खिडकीला एक काच नव्हती आणि डिसेंबर सुरू होता. घरात जादा रजई नव्हती, घोंगडी होती. एवढाच हिशेब. आबांची आठवण म्हणून मी ती नेली असं आता आई पाहुण्यांना सांगते. मी ते खोडून काढत नाही.

तसं आबांचं आणि तिचं फार मेतकूट होतं अशातलाही भाग नाही. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडायची, रात्री रानात राखणीला गेलं की तीच खाली आणि तीच वर, खळ्यावर तीच अंथरायची. घरी सत्यनारायण असो की खंडोबाची तळी, घोंगडी लागायचीच; लोकरीला विटाळ नाही ही जुनी समजूत. लहानपणी मी तिच्यावर लोळायला नकार दिला की आबा म्हणायचे, "टोचतंय तर टोचू दे की. सापाला बी टोचतंय, म्हनून तर त्यो येत न्हाई." साप खरंच घोंगडीवर येत नाही का, हे तपासून बघायची हौस मला कधी झाली नाही. मात्र त्या वाक्याच्या भरवशावर पुढे मी बऱ्याच ठिकाणी निवांत झोपलो.

घोंगडीचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचा. आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसायच्या. वाड्यातल्या, म्हणजे मेंढरांच्या तळावरच्या, मेंढक्यांना धान्य द्यायचं, त्यांनी कधीमधी लोकर द्यायची, असा व्यवहार. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरायच्या. त्या लोकरीतले काटे-कुसळं निवडायची, ती पिंजायची आणि बायकांनी चरख्यावर तिचं सूत काढायचं. मग ते सूत सणगराकडे, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्याकडे. तो चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करणार, ताणलेल्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, ती कुंच्याने पाजणार, उन्हात वाळवणार आणि खड्ड्यातल्या मागावर बसून विणणार. रंग नाही, ब्लीच नाही. काळ्या मेंढीची काळी, तांबूस मेंढीची तांबूस. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, त्याची घोंगडी मऊ असते आणि महागही. आबांनी जावळाची घेतली नाही. घेतली असती तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो, याची मला पक्की खात्री आहे.

कारण मऊ वस्तूंचं माझ्याकडे काही टिकलेलं नाही. या वर्षांत कितीतरी चादरी, शाली, फ्लीसचे जॅकेट आले आणि गेले; त्यातल्या कुठल्या रंगाचं काय होतं तेही आठवत नाही. ती अंगाला कळतच नाहीत. घोंगडी मात्र अंगावर आहे हे क्षणभरही विसरू देत नाही. आमचं नातं एकमेकांना सहन करण्यातून तयार झालं. महिनाभरात तिने माझी मान मान्य केली की माझ्या मानेने तिला, ते ठरवणं कठीण आहे. होस्टेल सुटेपर्यंत अवस्था अशी झाली की सुटीत घरी मऊ गोधडीत झोपलो तर काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटून रात्री जाग यायची.

ती माझ्याबरोबर हिंडली ती मुख्यतः सह्याद्रीत. हरिश्चंद्रगडावर एका जुलैत तोलार खिंडीतून चढताना पावसाने असं झोडपलं की प्लास्टिकचे रेनकोट घातलेले मित्र आतून घामाने आणि बाहेरून पावसाने सारखेच ओले. मी घोंगडीची खोळ केलेली. पहिला तासभर पाणी वरच्या वर निथळत राहिलं. लोकरीच्या नैसर्गिक तेलकटपणामुळे थेंब आत शिरायला कचरतो. मग मात्र ती पाणी प्यायला लागली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी ऊबही सोडते. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी एवढंच कळलं की मी ओला आहे पण कुडकुडत नाही. वजन मात्र वाढतच गेलं, आणि मंदिराजवळच्या गुहेत पोचेपर्यंत पाठीवर एक अख्खी मेंढी बसल्यासारखं वाटत होतं. वासही मेंढीचाच. ओल्या घोंगडीचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो समजावून सांगता येत नाही आणि ज्याने घेतलाय त्याला सांगावा लागत नाही. त्या रात्री गुहेत माझ्या दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा होती.

परतताना गडाच्या पायथ्याच्या पाचनईत एका घरी चुलीपुढे बसलो. लाकूड फुटलं, ठिणग्या उडाल्या. एक मित्राच्या नायलॉनच्या जॅकेटवर पडली आणि तिथे बघता बघता वितळलेल्या कडांचं भोक पडलं. दुसरी माझ्या घोंगडीवर. जळक्या केसांचा वास आला, काळा दाणा झाला, चिमटीत चुरडला आणि संपलं. लोकर सहजी पेट घेत नाही, ठिणगी विझली की तीही विझते. मेंढपाळ शेकोटीला खेटून झोपू शकतो तो यामुळेच. तिथे एक बारीक भोक राहिलं. जॅकेट पुढच्या वर्षी मित्राने टाकून दिलं. आता त्याला त्याचा रंगही आठवत नाही, मी मुद्दाम विचारलं.

सर्वांत लांबचा प्रवास झेलम एक्स्प्रेसचा. पुण्याहून दोन रात्री काढून पठाणकोटला उतरायचं आणि तिथून बसने हिमाचलातलं चंबा, भरमौर. स्लीपरच्या डब्यात भोपाळनंतर थंडी शिरते आणि ग्वाल्हेरनंतर लोक एकमेकांच्या पांघरुणांकडे आशेने बघू लागतात. माझ्या घोंगडीकडे बघणाऱ्या एका फौजी गृहस्थांना मी उदारपणे अर्धी देऊ केली. पाच मिनिटांत त्यांनी ती घडी घालून परत केली आणि "बहुत शुक्रिया" म्हणून स्वेटरचं बटण गळ्यापर्यंत लावून बसले.

भरमौरच्या वर तिथल्या गद्दी जमातीच्या एका मेंढपाळाची गाठ पडली. उंचावरचे कळप खाली यायला लागले होते. अंगात लोकरीचा चोला, कमरेला काळ्या लोकरीचा डोरा वेढे घालून बांधलेला. एवढी लोकर अंगावर घेऊन चढ चढणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. माझी घोंगडी त्याने न विचारता खांद्यावरून ओढली, कोपरा दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि निकाल दिला, "बकरी है."
मी म्हटलं, "भेड़ है."
"भेड़ ऐसी नहीं होती. बकरी है."
मी दख्खनचं पठार, तिथला पाऊस, काळी मेंढी असं बरंच काही माझ्या हिंदीत सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्याविषयी वाईट वाटून म्हणाला, "किसी ने आपको ठग लिया." मग त्याने स्वतःच्या चोल्याची बाही माझ्या हाताला लावून दाखवली. होती खरी मऊ. पण मला त्याच्या त्या मऊपणाचा राग आला, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आपण या घोंगडीच्या बाजूने भांडायला लागलोय.

घरात मात्र तिचे दिवस साधेच जातात. इस्त्री तिच्यावर होते. पाठ धरली की मी जमिनीवर तिच्यावर आडवा होतो. दिवाळीत रांगोळी वाचवण्यासाठी दारात टेबल आडवं घालतात त्यावर तीच टाकली जाते. नवीन फ्रिज वर चढवताना जिन्याच्या कठड्याला ओरखडे पडू नयेत म्हणून हमालाने मागितली तीही तीच. अशी राबवल्यामुळेच ती वाचली असं माझं मत आहे. घोंगडीचा खरा शत्रू कसर. तिच्या अळ्या लोकरच खातात आणि त्यांना अंधार, शांतता आणि जपून ठेवलेल्या वस्तू फार आवडतात. शेजारच्या काकूंनी त्यांच्या सासऱ्यांची घोंगडी कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत वर्षानुवर्षं जपली. काढली तेव्हा तिची चाळण झाली होती. आमची सतत उन्हात, धुळीत, लोकांच्या बुडाखाली. कसरीला संसार थाटायला सवडच मिळाली नाही.

तरीही चुलीच्या त्या भोकासारखी बारीक भोकं, एका बाजूची उसवलेली कड आणि मधे विरलेला पट्टा वाढत चालला, तेव्हा गेल्या वर्षी तिला घेऊन म्हसवडकडे गेलो. विचारत विचारत एका म्हाताऱ्या विणकराच्या घरी पोचलो. त्यांनी घोंगडी उंबऱ्यापाशी उजेडात पसरली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. तळहात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोघींनी कातलीय. हितपातूर एकीचं सूत, हितनं फुडं दुसरीचं. हिचा पीळ घट हाय, तिचा सैल." त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं. खरंच, एका रेषेपर्यंत वीण दाणेदार लागत होती आणि तिथून पुढे जरा भुसभुशीत. इतकी वर्षं तिच्यावर झोपून मला जे कळलं नव्हतं ते त्यांना पाच मिनिटांत हाताला कळलं. त्या दोघी कोण हे आता सांगणार कोण? एक कदाचित आजी असेल. घट्ट पिळाची तीच असणार, तिचा स्वभाव पाहता.

रफू करायला तशी लोकर मिळेना. कातरायची मजुरी लोकरीच्या भावाहून जास्त पडते, म्हणून कितीतरी लोक कातरून तिथेच टाकून देतात, असं ते सांगत होते. आता कळपात माडग्याळ जातीची मेंढरं जास्त. उंच, देखणी, मटणाला वजनदार, पण अंगावर लोकर नावापुरती. बाजारात घोंगडी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ चादरी पानिपतच्या गिरण्यांतल्या, जुने स्वेटर पिंजून काढलेल्या धाग्याच्या. म्हाताऱ्यांनी आतून एक जुनं गाठोडं आणलं, त्यातलं थोडं तांबूस सूत काढलं आणि भोकं भरली. काळ्यात तांबडे ठिपके उठून दिसतात. मी ते लपतील का असं विचारल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लपवायचं कशाला? रफू हाय, चोरी न्हाई." पैसेही त्यांनी मला वाटले होते त्याच्या निम्मेच घेतले. वर एक नवी घोंगडी घ्या म्हणून आग्रह केला. घेतलीही. ती बिचारी चांगली आहे, पण अजून परकी आहे, पाहुण्यांना देतो.

यंदा मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर स्पितीला निघाली. सामानाची यादी वाचून दाखवत होती. मी, वडिलांनी दाखवावा तसा मोठेपणा दाखवून म्हटलं, "पणजोबांची घोंगडी घेऊन जा की. हिमालय तिला नवा नाही." तिने एकदा घोंगडीकडे, एकदा स्वतःच्या सॅककडे पाहिलं. "बाबा, ती एकटीच अडीच किलो आहे. आणि तिकडे स्लीपिंग बॅग देणारेत." मी जरा हिरमुसल्यासारखं केलं, कारण तसं करणं भाग होतं. ती खोलीतून गेल्यावर घाईघाईने घोंगडी उचलून आमच्या कपाटात टाकली. उद्या तिचा विचार बदलला तर काय घ्या. रविवारी मला रतनगडावर जायचंय.