पद्मिनीचे इंजिन पुन्हा का उघडलेले नाही

माझ्या पद्मिनीबद्दल, म्हणजे प्रीमियरने बनवलेल्या जुन्या फियाटबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून, आणि भेटाल तेव्हा विचारता म्हणून, एकदाच सविस्तर लिहितो. “इतके आराखडे काढता, मग पद्मिनीच्या इंजिनाची ताकद प्रत्यक्षात कधी वाढवणार?” या प्रश्नातला चिमटा मला कळत नाही असे नाही.

प्रीमियरच्याच 118 एनई या गाडीचे निसान इंजिन बसवा, हा सल्ला मात्र पुन्हा देऊ नका. ते इंजिन उत्तम आहे. पण त्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला मिळणारी विंटेज नोंदणी मूळ स्वरूप जपलेल्या गाडीसाठीच आहे. आणि मला हेच 1089 सीसीचे इंजिन हवे आहे, ज्याच्या ‘टीव्ही’ (तुरिझ्मो व्हेलोचे, म्हणजे वेगवान) आवृत्तीतून फियाटने 1953 सालीच सुमारे 50 अश्वशक्ती काढली होती.

माझ्या आराखड्यात पहिले काम कॉम्प्रेशनचे, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्याचे, होते. एका सिलिंडरचे आकारमान 272 सीसी. साडेसातच्या गुणोत्तराला पिस्टनच्या वर सुमारे 42 सीसी जागा उरते, साडेआठसाठी ती 36 वर आणावी लागते. त्यासाठी हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, फेसिंग (खालचा पृष्ठभाग कापणे) किती करायचे, हे मी चिठ्ठीवर लिहून दिले होते. कारखान्यातल्या माणसाने चिठ्ठी खिशात घातली आणि “फेस साफ होईपर्यंत काढतो” म्हणत हेड यंत्रावर चढवले. घरी आणून प्लग लावले, ग्रीस लावलेली काच ठेवली, ब्युरेटने रॉकेल सोडून चारही चेंबर मोजले, तेव्हा पहिला चौथ्यापेक्षा स्पष्टपणे लहान निघाला, म्हणजे हेड तिरके कापले गेले होते. काढलेला धातू परत लावता येत नाही.

मोजल्यावरही बसवलेच कसे, असे तुम्ही विचाराल. दुसरे हेड मिळत नव्हते, आणि ठिणगीचे टायमिंग थोडे मागे घेतले की भागेल असे मिस्त्री म्हणाले; सपाट रस्त्यापुरते ते खरेही ठरले. पण मे महिन्यात, भरल्या गाडीने पोलादपूर सोडून कशेडी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कडकडू लागले, आणि गाडी बाजूला घेण्याइतकी जागा मिळेपर्यंत ते कडकडणे थांबून धूर सुरू झाला होता. उघडल्यावर पहिल्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली आणि बोअर ओरखडलेला दिसला. उरलेले तीन सिलिंडर स्वच्छ होते, आणि मला तेच अधिक लागले, कारण माझे गणित बरोबर होते.

तेव्हापासून माझा क्रम बदलला आहे: आधी चारही ड्रम ब्रेक, मग रेडिएटर, मग कार्ब्युरेटरचे जेट. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे नॉकिंगला, म्हणजे त्या कडकडण्याला, आळा बसतो खरा, पण मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होते आणि जुने रबरी पाइप खराब होतात, म्हणून तेही काम वाढले. माझ्या जुन्या वहीत दोन कार्ब्युरेटर आहेत, कॅमशाफ्ट आहे, ब्रेकचा उल्लेखही नाही. ती वही लिहिणारा मला भित्रा म्हणेल. त्याला मी घाटातल्या उताराचे कारण देतो, पण ब्रेक होऊनही बराच काळ लोटला आहे, हे त्यालाही माहीत आहे.

आता दुसरे हेड मिळाले आहे आणि त्याचे चारही चेंबर सारखे भरतात. गुणोत्तर आठवर थांबवावे की साडेआठवर जावे, हे ठरलेले नाही. दाबल्यावर हेडखालच्या गॅस्केटची जाडी किती उरते हे मोजल्याशिवाय मी ते ठरवणारही नाही.