चवथीला येशील तेव्हा जरा बघ

घरातल्या एकाला कॉम्प्युटरमधले कळते ही बातमी गोव्यात एकदा पसरली की चवथीच्या दिवसांत फोंड्यापासून पेडण्यापर्यंत प्रत्येक घरात 'जरा बघ रे' ऐकू येते. मावशीचा डेस्कटॉप, भावोजींच्या दुकानातला टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) मशीन, वाड्यावरच्या नाट्यमंडळाचा लॅपटॉप. मी नाही म्हणत नाही. मात्र हे फुकटचे काम मी गिऱ्हाइकाच्या कामापेक्षा जास्त काटेकोरपणे करतो. गिऱ्हाइकाकडे पावती असते, काय ठरले ते लिहिलेले असते. आत्येच्या मशीनबाबत लेखी काहीच नसते, आणि एकदा हात लागला की सहा महिन्यांनी प्रिंटर बंद पडला तरी 'तू बघून गेलास तेव्हापासून' असे ऐकावे लागते.

सुरुवात फोनवरच होते. स्क्रीनवर नेमके काय दिसते त्याचा फोटो मागवतो. शेवटचा नीट कधी चालला आणि मध्ये विजा झाल्या का, हे विचारतो. 'स्लो झालाय' एवढेच सांगितले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावून टास्क मॅनेजरचा फोटो घेतो. डिस्कचा रकाना सतत १०० टक्के आणि मेमरी (म्हणजे रॅम) रिकामी असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क हेच कारण असते. अशा मशीनमध्ये रॅम वाढवून पैसे वाया जातात, एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घालावी लागते.

पिशवीत फार काही लागत नाही: फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पांढरा खोडरबर, मऊ ब्रश, मल्टिमीटर, सीआर २०३२ चे (मदरबोर्डावरचे घड्याळ चालवणारे) दोन सेल, काढलेली डिस्क बाहेरून जोडायला साटा-यूएसबी केबल, १ टीबीची बाहेरची डिस्क आणि दोन पेनड्राइव्ह. एकावर विंडोज इन्स्टॉलर (८ जीबी पुरतो), दुसऱ्यावर पेनड्राइव्हवरूनच चालणारा लिनक्स, म्हणजे विंडोजला पर्याय असलेली मोफत प्रणाली.

'चालूच होत नाही' म्हणून सांगितलेले निम्मे मशीन आपल्याकडे दमटपणाने गप्प झालेले असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद खोलीत ठेवलेला, वर प्लास्टिकचे आवरण घातलेला डेस्कटॉप घ्या. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन काळी. मी आधी वायर काढतो, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरतो आणि रॅमची पट्टी बाहेर काढतो. तिच्या कडेचे सोनेरी दात उजेडात धरले की मध्येच मळकट, निस्तेज पट्टे दिसतात. खोडरबर एकाच दिशेने, दाब न देता, दोन्ही बाजूंनी फिरवायचा, भुगा ब्रशने झाडायचा (स्लॉटमध्ये जाऊ द्यायचा नाही) आणि पट्टी दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. पुष्कळ मशीन इथेच उठतात.

उठले पण घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असले, तर बोर्डावरचा सेल संपला आहे. मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या जागी अडीचच्या खाली दाखवतो. तारीख चुकली की बँकेच्या साइटचे प्रमाणपत्र ब्राउजरला अवैध वाटते, आणि घरच्यांना वाटते व्हायरस आला. सेल बदलायचा, तारीख लावायची, काम झाले.

पंखाही फिरत नसेल तर संशय पॉवर सप्लायवर. त्याची २४ पिनांची मोठी पिन बोर्डातून काढून हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडली की तो एकटाच चालू व्हायला हवा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल तारेवर पाचाच्या आसपास आले तर बरा म्हणायचा. पण हे आकडे भार नसतानाचे असतात, म्हणून शंका असेल तर दुसरा सप्लाय लावूनच बघतो. आतून मुंग्या किंवा करपलेली पाल निघणे आपल्याकडे नवे नाही. तरी सप्लायचा डबा मी कधीच उघडत नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही जीवघेणी वीज उरते. डबाच बदलायचा.

जुन्या घरांत मी प्लग पॉइंटही तपासतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आणि फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच यायला हवे. दुसरा आकडा खूपच कमी आला तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा कधी जोडलेलीच नव्हती. ते काम इलेक्ट्रिशियनचे. अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर सर्ज प्रोटेक्टर लावणे हे खोटे समाधान आहे, हे घरच्यांना स्पष्ट सांगतो. मेच्या अखेरीस आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात गडगडाट असतो, तेव्हा बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढायचा आणि राउटरची लॅन केबलही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून केबलवाटे बोर्डावर येते.

आता खरे जबाबदारीचे काम, माहिती. मशीन चालू झाला तरी मी पहिला अर्धा तास काही सुधारत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कची तब्येत बघतो. 'कॉशन' (सावध) दाखवत असेल आणि वाचायला प्रलंबित सेक्टरांचा, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेल्या तुकड्यांचा, आकडा शून्य नसेल, तर चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासायचे साधन लावायचे नाही. मरायला टेकलेल्या डिस्ककडून तासन्तास मेहनत करून घेतली तर ती त्यातच जाते. टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करायची, आणि माहिती मोलाची असेल तर ती माहिती काढून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जाते. हे सांगायला जड जाते, पण सांगावेच लागते.

डिस्क ठीक असली तरी आधी माहितीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला साधारण ३० एमबी धरले तर २०० जीबीला दोन तास लागतात. म्हणून जेवणाआधी लावायची. रोबोकॉपी ही विंडोजची नक्कल करणारी कमांड वापरत असाल तर पुन्हा प्रयत्नांची मर्यादा स्वतः घाला. नाहीतर वाचता न येणाऱ्या एकाच फाइलवर तो दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करायला बसतो.

काय काय उचलायचे? डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स सगळ्यांना आठवतात. चुकते ते पुढचे. टॅलीची माहिती पब्लिक फोल्डरखाली किंवा थेट सी ड्राइव्हवर असते. टॅली उघडून कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवरचा मार्ग वाचायचा आणि तोच फोल्डर घ्यायचा. आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल असतात), ब्राउजरचे बुकमार्क.

आणि फॉन्ट! याबद्दल मला जरा जास्त सांगायचे आहे, कारण एकदा फॉरमॅट झाला की हे नुकसान कोणाच्या लक्षातही लवकर येत नाही. आपल्याकडच्या मंडळांची कितीतरी नाटके, जत्रेच्या पत्रिका आणि भजनांच्या वह्या शिवाजी, श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टांत टंकलेल्या आहेत. त्या फाइलीत देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, फॉन्ट त्यांना 'क' किंवा 'ळ' चे रूप देतो. विंडोज नव्याने टाकला, फॉन्ट गेला, की तीन अंकी नाटकाचे ८० पानी इंग्रजी कचऱ्यात रूपांतर होते, आणि माणसे फाइल खराब झाली समजून ती काढून टाकतात. म्हणून विंडोजमधला फॉन्ट्स हा फोल्डर आधी उचलायचा. शिवाय महत्त्वाच्या प्रत्येक संहितेची पीडीएफ त्याच मशीनवर करून ठेवायची, म्हणजे नंतर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे आणि रफार चुकले तर ताडून बघता येते.

लॅपटॉपवर आणखी एक खोडा आहे, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप. डिस्क मालकाला न कळता एन्क्रिप्ट झालेली असू शकते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगांत) हात घालण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की काढून कागदावर लिहून घ्यायची. खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तर त्या दिवशी बायोसला हात लावायचा नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. फक्त ब्राउजर आणि पत्रे लिहिणे एवढेच काम असेल तर मी लिनक्स मिंट घालून देतो. टॅलीवाल्या दुकानाला ते चालत नाही, तिथे नवा मशीन घ्या असे सांगतो. खोटा परवाना घालून देत नाही, मामा कितीही म्हणाले तरी.

'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस, या नंबरवर फोन करा' असे कोणी बघितले आणि पैसेही दिले असतील तर मशीन नंतर. आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पैशांचे एवढेच: श्रम माझे, सामान त्यांचे. एसएसडी मी स्वतःच्या पैशांनी आणून नंतर मागत नाही. कोणती घ्यायची ते लिहून देतो, बिल त्यांच्या नावावर, म्हणजे वॉरंटीही त्यांच्याकडे. एका बैठकीत न सुटलेले काम घरी नेत नाही. निघताना नारळ किंवा उकड्या तांदळाची पिशवी दिली तर आनंदाने घेतो.

जाण्याआधी कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवतो: तारीख, काय बदलले, काय बदलायचे राहिले. घरातल्या एकाकडून पासवर्ड माझ्यासमोर बदलून घेतो. नक्कल माझ्या डिस्कवर ३० दिवस राहील आणि मग पुसली जाईल, हे त्यांच्या व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवतो, आणि पुसण्याच्या आदल्या दिवशी फोन करून नाटकाची फाइल उघडते ना, ते विचारतो.